एका संगणकास एकच राखणदार

शेतीच्या हिशेबास संगणकाची जोड मिळून आता बराच काळ लोटला आहे. निर्यातक्षम द्राक्षबागांची नोंद ‘ग्रेपनेट’ ह्या व्यवस्थेत २००६ पासून होऊ लागली, सातबाराचा उतारा घरबसल्या पाहता येऊ लागला, शेतकरी उत्पादक कंपन्यांची खतावणी वहीतून संगणकात गेली आणि अनुदानाचे अर्जही संकेतस्थळावर भरावयाचे झाले. ज्या घरात पूर्वी बियाण्याची कणगी व हिशेबाच्या वह्या तेवढ्या जपून ठेवल्या जात, त्या घरात आता संगणकही जपावा लागतो. फवारणीची नोंद, माती परीक्षणाचे अहवाल, पाणीपट्टीच्या पावत्या, मजुरीचा हिशेब, बँकेचा व्यवहार हे सर्व त्याच्या पोटात साठलेले असते.

ह्या ठेव्याला व्हायरसचे, म्हणजे संगणकात शिरून नासधूस करणाऱ्या घातक आज्ञावलींचे भय असते. त्यावर अँटिव्हायरस घालावा हे आता बहुतेकांस ठाऊक झाले आहे व ते योग्यच आहे. तथापि एक अँटिव्हायरस चांगला, तर दोन अधिक चांगले आणि तीन त्याहून चांगले, असा जो समज खेड्यापाड्यांतून व शहरांतूनही रूढ झाला आहे, तो मात्र चुकीचा आहे. ह्या समजाने पैसा तर वाया जातोच, शिवाय ज्या नोंदींच्या रक्षणासाठी हा खटाटोप करावयाचा त्या नोंदींनाच कधी कधी धोका पोचतो.

हे घडते कसे ते पाहण्यासारखे आहे. नव्या संगणकाबरोबर एखादा अँटिव्हायरस ठराविक मुदतीच्या बोलीवर फुकट आलेला असतो. तालुक्याच्या दुकानदाराने त्यात दुसरा घालून दिलेला असतो. पुढे एके दिवशी पडद्यावर काही तरी इशारा दिसतो, घरातील कॉलेजात जाणारा मुलगा इंटरनेटवरून तिसरा उतरवून घेतो, आणि पहिले दोन काढावयाचे कोणाच्याही ध्यानात राहत नाही. मग संगणक सुरू होण्यास वेळ लागू लागतो, हिशेबाची फाइल उघडता उघडता पडदा गोठतो, अर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ उघडतच नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे ही तक्रार येते ती बहुधा ‘संगणक जुना झाला’ अशा स्वरूपात. नवा संगणक घेण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्यात किती राखणदार बसले आहेत हे आधी मोजून पाहावे.

राखणदारीची रीत

अँटिव्हायरसची कामे दोन प्रकारची असतात आणि हा भेद समजला की पुढचे सारे सोपे होते. पहिला प्रकार कायमच्या राखणीचा. संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत हा राखणदार दारात बसून असतो. कोणतीही फाइल उघडली, लिहिली किंवा चालविली जाण्यापूर्वी तिला अडवून तो आपल्याजवळच्या लक्षणांच्या यादीशी ताडून पाहतो, तिच्या वागण्यात काही वावगे आहे काय ते पाहतो, आणि मगच तिला पुढे सोडतो. दुसरा प्रकार मागणीवरून होणाऱ्या तपासणीचा. बोलावले की तपासनीस येतो, सर्व कोठारे पाहतो, अहवाल देतो व निघून जातो. मधल्या काळात तो दारात बसत नाही.

एका कोठाराच्या दारात दोन कायमचे राखणदार बसविले आणि त्यांची एकमेकांशी ओळखही करून दिली नाही, तर काय होईल? आत येणारे प्रत्येक पोते दोघेही उघडून पाहतील, हा झाला वेळेचा अपव्यय. परंतु गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. पहिला पोते उघडू लागला की दुसऱ्याला दिसते ते असे, की कोणीतरी पोत्याला हात घालीत आहे. म्हणून तो पहिल्याच्या हाताला अडवितो. संगणकातही नेमके हेच होते. एक अँटिव्हायरस फाइल तपासण्यासाठी उघडतो आणि ते उघडणे हीच दुसऱ्याच्या लेखी तपासावयाची घटना ठरते. ह्या अडवाअडवीतून मार्ग काढण्याची काही व्यवस्था विंडोज ह्या मूळ कार्यप्रणालीत आहे हे खरे, पण ती प्रत्येक वेळी पुरी पडतेच असे नाही. दोघेही एकमेकांची वाट पाहत अडून बसले, म्हणजे संगणक गोठला असे आपण म्हणतो.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. प्रत्येक अँटिव्हायरसजवळ ज्ञात व्हायरसांच्या ओळखीच्या खुणा असतात. ह्या खुणा सहसा बंदिस्त रूपात ठेवलेल्या असल्या तरी तपासणीच्या वेळी त्या संगणकाच्या स्मृतीत उलगडाव्या लागतात. अशा वेळी शेजारच्या राखणदाराला त्या खुणाच व्हायरससारख्या भासण्याचा संभव असतो. शिवाय पकडलेली फाइल अँटिव्हायरस लगेच नष्ट करीत नाही, तर ती एका वेगळ्या कोठीत कोंडून ठेवतो. ही कोठी दुसऱ्याच्या हाती लागली तर तो तेथेही ओरड करतो. पोलिसाच्या खिशातील चोराचे छायाचित्र पाहून दुसऱ्या पोलिसाने त्यालाच धरावे, तशातला हा प्रकार होय.

खरोखरीच एखादा व्हायरस आला तर तरी दोघे मिळून त्याला पकडतील, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात दोघेही त्या एकाच फाइलवर झडप घालतात. एक तिला कोंडू पाहतो, दुसरा पुसू पाहतो, आणि ह्या ओढाताणीत ‘फाइल सापडत नाही’ किंवा ‘फाइल वापरात आहे’ असे निरोप पडद्यावर येत राहतात. काम पुरे झाले की अर्धवट राहिले, हे घरच्या माणसाला कळण्यास मार्ग उरत नाही.

ह्यात जुन्या संगणकाची स्थिती विशेष बिकट होते. ज्यांत ४ जीबी एवढीच कार्यस्मृती आहे आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे, असे संगणक अनेक घरांत आजही कामात आहेत. एका अँटिव्हायरसलाच तेथे जागेची टंचाई भासते. दोघांनी एकाच वेळी संपूर्ण तपासणी आरंभली तर तबकडीवरील वाचणारा काटा दोन टोकांच्या मध्ये धावत राहतो आणि घरच्या माणसाच्या कामासाठी काही शिल्लक राहत नाही.

आजकालचे अँटिव्हायरस फायलींवर लक्ष ठेवून थांबत नाहीत. इंटरनेटवरून येणारा-जाणारा मजकूरही ते मध्ये थांबून तपासतात, आणि पुष्कळांबरोबर संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, येते. दोन आज्ञावली एकाच वाहिनीच्या मध्ये उभ्या राहिल्या तर बँकेचे अथवा शासनाचे सुरक्षित संकेतस्थळ उघडण्यास अडचण येऊ शकते. अर्ज भरणारा मात्र संकेतस्थळाला दोष देत बसतो.

सवयीचे मूळ

दोन अँटिव्हायरस ठेवण्याची सवय काही मूर्खपणातून आलेली नाही. एके काळी ती शहाणपणाचीच होती. १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीवरून जगभर पसरला. त्या काळचे अँटिव्हायरस मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे बोलावल्यावर येणाऱ्या तपासनिसासारखे असत. फ्लॉपी घालावी, आज्ञा द्यावी, तपासणी व्हावी व आज्ञावली बंद व्हावी. एकाची तपासणी झाल्यावर दुसऱ्याने तपासले तर त्यात भांडण होण्याचे कारणच नव्हते. एकाला न कळलेले दुसऱ्याला कळे, हा लाभ मात्र निश्चित होता.

महाराष्ट्राचा ह्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. पुण्यात कैलास काटकर ह्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे लहानसे दुकान चालविले. पुढे संगणक दुरुस्तीसाठी येऊ लागले तेव्हा त्यांतील व्हायरस काढण्यासाठी त्यांचे बंधू संजय काटकर ह्यांनी आज्ञावली लिहिल्या. त्यांतूनच १९९० नंतरच्या दशकात ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस तयार झाला. दुरुस्तीस आलेल्या यंत्रातील दोष पाहून त्यावर उपाय शोधण्याची ही रीत शेतीच्या अवजारांची दुरुस्ती करणाऱ्या आपल्या कारागिरांस परकी वाटू नये.

पुढे व्हायरस इतक्या वेगाने येऊ लागले की अधूनमधून तपासणी पुरेनाशी झाली व कायमची राखण सुरू झाली. काळ बदलला, परंतु सवय तशीच राहिली.

दुसऱ्या मताची गरज अजिबात नाही असे मात्र समजू नये. फ्रेड कोहेन ह्या अमेरिकन संशोधकाने १९८० नंतरच्या दशकातच हे दाखवून दिले होते की सर्व व्हायरस अचूक ओळखील आणि निर्दोष फाइलीस कधीही दोषी ठरविणार नाही, अशी परिपूर्ण आज्ञावली लिहिणेच शक्य नाही. तेव्हा कोणताही एक अँटिव्हायरस काही ना काही चुकणारच. चूक पकडण्यासाठी दुसरा तपासनीस बोलवावा, पण त्याला दारात कायमचा बसवू नये.

दोन डबे, औषध एकच

फवारणीचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास हा विषय समजावून सांगणे सर्वांत सोपे आहे. बोर्डो मिश्रणात चुना असतो व ते अल्कधर्मी असते. त्यात सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक मिसळले तर ते फुटून निकामी होते. गंधक व तेल ह्यांची फवारणी एकत्र किंवा लागोपाठ केली तर पाने करपतात. दोन्ही औषधे आपापल्या जागी उत्तम असतात. दोष त्यांच्यात नाही, एकत्र येण्यात आहे. दोन कायमच्या अँटिव्हायरसांचे असेच आहे.

ह्याहूनही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. इमिडाक्लोप्रिड हे एकच कीटकनाशक बाजारात नाना नावांनी विकले जाते. जाणता शेतकरी डब्यावरील मोठे नाव न वाचता खालचे बारीक अक्षर वाचतो आणि दोन नावांची एकच वस्तू एका पंपात घालीत नाही. अँटिव्हायरसच्या बाजारात हे बारीक अक्षर सहसा कोणी वाचीत नाही. ‘ॲव्हास्ट’ ह्या कंपनीने २०१६ मध्ये ‘एव्हीजी’ ही कंपनी विकत घेतली आणि तेव्हापासून ह्या दोन्ही अँटिव्हायरसांचे व्हायरस ओळखण्याचे यंत्र एकच झाले. रुमानियातील ‘बिटडिफेंडर’ ही कंपनी आपले यंत्र इतर अनेक उत्पादकांना वापरण्यास देते. तेव्हा दोन वेगळ्या नावांचे अँटिव्हायरस घालूनही दुसरे मत मिळतेच असे नाही. कित्येकदा तेच मत दोनदा मिळते आणि पैसे मात्र दोनदा द्यावे लागतात.

राखणदारच चुकला तर

अँटिव्हायरसला संगणकात सर्वांत वरचा अधिकार द्यावा लागतो, त्याशिवाय त्याला राखण करताच येणार नाही. परंतु ज्याच्या हाती सर्व किल्ल्या, त्याची चूकही तेवढीच महाग पडते. दि. २१ एप्रिल २०१० रोजी ‘मॅकॅफी’ ह्या नामांकित अँटिव्हायरसच्या नव्या लक्षण-यादीत चूक राहून गेली आणि विंडोज एक्सपीच्या एका आवृत्तीतील अत्यावश्यक अशी मूळची फाइल तिने व्हायरस म्हणून कोंडली. अनेक देशांतील संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होत राहिले. दि. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ ह्या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीतील सदोष सुधारणेमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ही आज्ञावली मोठ्या कचेऱ्यांसाठी असते, घरासाठी नव्हे. पण भारतातही काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना प्रवेशपत्रे हाताने लिहून द्यावी लागली.

ह्याचा अर्थ अँटिव्हायरस नको असा नाही. अर्थ इतकाच, की ज्यांच्या हाती घराच्या सर्व किल्ल्या द्यावयाच्या अशांची संख्या विनाकारण वाढवू नये. चुकीचे इशारेही राखणदारांच्या संख्येबरोबर वाढतात. मराठी टंकलेखनाच्या काही जुन्या आज्ञावली कळफलकावर दाबली जाणारी प्रत्येक कळ वाचून अक्षर बदलतात. हेरगिरी करणारे व्हायरसही कळा वाचतात. त्यामुळे अशा निरुपद्रवी आज्ञावलीवर संशय येणे अशक्य नाही. एकाने संशय घेतला तर खुलासा करता येतो. दोघे वेगवेगळ्या वेळी संशय घेऊ लागले तर घरचा माणूस कंटाळून प्रत्येक इशाऱ्याला ‘होय’ म्हणू लागतो, आणि मग खरा इशाराही त्याच ‘होय’मध्ये वाहून जातो. सर्व तोट्यांमध्ये हा तोटा सर्वांत मोठा मानला पाहिजे.

निस्तरावे कसे

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘डिफेंडर’ नावाचा अँटिव्हायरस विंडोजबरोबरच येतो व त्याला वेगळे मूल्य पडत नाही. दुसरा अँटिव्हायरस घातला आणि त्याने विंडोजकडे आपली नोंद केली, की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. म्हणून डिफेंडर अधिक एक विकतचा, ह्या जोडीत सहसा तंटा होत नाही. तंटा होतो तो बाहेरून आणलेले दोन एकत्र नांदविले की. पुष्कळ उत्पादक आपला अँटिव्हायरस घालताना आधीचा दुसरा सापडल्यास काम थांबवून तसा इशारा देतात. हा इशारा डावलून पुढे जाणाऱ्यांची संख्या मात्र थोडी नाही.

कार्यकर्त्यांनी प्रथम ‘विंडोज सिक्युरिटी’ हे पान उघडून ‘सेटिंग्ज’ व त्याखालील ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ येथे पाहावे. संगणकात कोणकोणते अँटिव्हायरस आहेत व त्यांपैकी कोण चालू आहे ते तेथे दिसते. नंतर बसविलेल्या सर्व आज्ञावलींची यादीही नजरेखालून घालावी, कारण मुदत संपलेले अँटिव्हायरस पुष्कळदा तेथेच मरून पडलेले असतात. ज्याच्या लक्षणांची यादी नवी होत नाही असा राखणदार असून नसल्यासारखा, किंबहुना नसल्याहून वाईट, कारण दार सांभाळलेले आहे असा भ्रम तो निर्माण करतो.

कोणता एक ठेवावा हे घरच्या माणसाने ठरवावे. विकतच्याची मुदत शिल्लक असेल व त्याचा अनुभव चांगला असेल तर तो ठेवावा. मुदत संपली असून पैसे खर्च करावयाचे नसतील तर सर्व काढून डिफेंडरवर विसंबण्यास हरकत नाही. काढताना अँटिव्हायरसचा फोल्डर हाताने पुसण्याची चूक कोणीही करू नये. तण वरून खुरपले व मुळ्या जमिनीत राहिल्या, तर जी गत होते तीच येथे होते. काढण्याची रीतसर आज्ञा द्यावी आणि तेवढ्याने तो पुरता निघाला नाही तर त्याच उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरील काढून टाकण्याचे खास साधन वापरावे. बहुतेक मोठ्या उत्पादकांनी असे साधन ठेवलेले आहे. प्रत्येक आज्ञावली काढल्यानंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, दोन्ही एका झटक्यात काढू नयेत. शेवटी विंडोज सिक्युरिटीत जाऊन एकच राखणदार जागा आहे ह्याची खात्री करावी. ही खात्री केल्याखेरीज इंटरनेटवरून काही उतरवू नये व पेन ड्राइव्ह लावू नये.

दुसरे मत हवे असेल तर त्याच्या सुरक्षित वाटाही आहेत. विकतचा अँटिव्हायरस चालू असताना डिफेंडरला अधूनमधून तपासणीपुरते बोलाविण्याची सोय विंडोज १० मध्ये २०१६ पासून झाली. मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’ हा मागणीवरून तपासणारा असून उतरविल्यापासून १० दिवसांनी तो कालबाह्य होतो. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबून राहण्याचा धोका त्यात राहत नाही. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ ह्या संकेतस्थळावरही तपासणीची साधने विनामूल्य ठेवण्याची योजना २०१७ पासून आहे.

एखाद्याच फाइलीचा संशय असेल तर ‘व्हायरसटोटल’ ह्या संकेतस्थळाचा उपयोग होतो. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ मध्ये गूगलने घेतली. तेथे एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून त्यांच्याच संगणकांवर तपासून मिळते, आपल्या संगणकावर काही भार पडत नाही. परंतु येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. तेथे पाठविलेली फाइल तपासणीच्या निमित्ताने इतरांच्याही हाती जाऊ शकते. सबब आधार कार्डाची प्रत, बँकेचे पुस्तक, करारनामे किंवा सभासदांच्या याद्या तेथे कधीही पाठवू नयेत.

न्हावा-शेव्याचा धडा

राखणदार कितीही असले तरी कुंपणास भगदाड असेल तर उपयोग नाही. दि. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांमधील फायली कुलूपबंद केल्या व त्या सोडविण्यासाठी पैसे मागितले. ज्या भगदाडातून ती एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरली ते बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली त्यांच्या संगणकांत हे भगदाड उरलेच नव्हते. विंडोज १० ची नियमित मोफत सुधारणा दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली हेही ह्या संदर्भात लक्षात घ्यावे. दुसऱ्या अँटिव्हायरसवर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा कार्यप्रणाली अद्ययावत करण्याकडे वळविणे अधिक हिताचे आहे.

ह्यानंतर सुमारे दीड महिन्याने, दि. २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ ह्या आज्ञावलीचा फटका महाराष्ट्राला प्रत्यक्ष बसला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या सुधारणेतून ती पसरली आणि ‘मर्स्क’ ह्या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचे संगणक तिने निकामी केले. ह्याच समूहाकडून चालविला जाणारा न्हावा-शेवा येथील धक्का त्यामुळे ठप्प झाला. नाशिकची द्राक्षे व कांदा समुद्रमार्गे परदेशी जातात ते ह्याच बंदरातून. युक्रेनमधील हिशेबनिसाच्या संगणकात शिरलेला रोग उरणजवळच्या धक्क्यावर येऊन पोचला, हे पाहता आपले गाव दूर आहे म्हणून आपण सुरक्षित आहो, असे कोणासही म्हणता येणार नाही.

मर्स्कची पुढील हकिकत ग्रामीण वाचकांस विशेष बोधप्रद वाटेल. जगभरातील शाखांचे संगणक एकमेकांस ओळखतात ते ज्या मूळ नोंदवहीच्या आधारे, तिच्या प्रती प्रत्येक ठिकाणी होत्या, पण त्या सर्व एकमेकींशी जोडलेल्या असल्याने सर्वच नष्ट झाल्या. एक प्रत मात्र वाचली, ती आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. ती प्रत माणसाकरवी विमानाने इंग्लंडला नेण्यात आली व तिच्या आधाराने कंपनीने सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे केले. लोडशेडिंगचे उपकार मानण्याचा प्रसंग आपल्याकडे सहसा येत नाही. येथे तो आला खरा.

घरच्या संगणकासाठी ह्यातून घ्यावयाचे ते हेच, की महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढावी आणि काम होताच ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली डिस्क ही प्रत नव्हे, कारण खंडणीखोर आज्ञावली तिलाही कुलूप घालते. फवारणीच्या हंगामात दर आठवड्यास व एरवी महिन्यातून एकदा अशी प्रत काढणे घरच्या नोंदींस पुरेसे होते.

बनावट राखणदार

संकेतस्थळ पाहत असता अचानक ‘आपल्या संगणकात अमुक इतके व्हायरस आहेत, ताबडतोब हा अँटिव्हायरस उतरवा’ असा लाल इशारा झळकतो. संकेतस्थळावरील पानाला आपल्या संगणकाच्या आतील फायली अशा तपासता येत नाहीत. असला इशारा हा बहुधा भोंदूपणा असतो व उतरविलेली वस्तू हीच रोग असते. दोन-तीन अँटिव्हायरस ठेवण्याची सवय असलेला मनुष्य ह्या जाळ्यात अधिक लवकर सापडतो, कारण आणखी एक घालण्यास त्याच्या मनाची तयारी आधीच झालेली असते. संगणक कंपनीचा अधिकारी म्हणून फोन करून संगणकाचा ताबा मागणारे ह्याच जातीचे होत. मोबाईलवर तर पीएम-किसान योजनेच्या नावाने बनावट ॲप व्हॉट्सॲपवरून पाठविण्याचे प्रकार घडलेले आहेत. व्हॉट्सॲपवर आलेले ॲप कोणीही पाठविलेले असो, ते उघडू नये. पैसे गेल्याचे कळताच विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे.

कार्यकर्त्यांसाठी एक प्रात्यक्षिक

बैठकीत दाखविण्यास सोयीची अशी एक निरुपद्रवी चाचणी-फाइल उपलब्ध आहे. ‘आयकार’ ह्या युरोपीय संस्थेच्या संकेतस्थळावर ती मिळते. तिच्यात अवघी ६८ अक्षरे असून ती कोणासही इजा करीत नाही, मात्र अँटिव्हायरसच्या उत्पादकांनी तिला व्हायरस समजून ओरडण्याचे मान्य केलेले आहे. फाइल उतरविताक्षणीच इशारा आला तर राखणदार जागा आहे असे समजावे. काही आला नाही तर लक्षणांची यादी कोणत्या तारखेची आहे व कायमची राखण चालू आहे की बंद, हे त्याच बैठकीत तपासावे. पुष्कळ घरांत ती कोणी तरी ‘संगणक जड होतो’ म्हणून बंद करून ठेवलेली असते. प्रात्यक्षिक आटोपल्यावर ती फाइल आणि तिची कोंडलेली प्रत, दोन्ही पुसून टाकाव्यात, म्हणजे पुढील तपासणीच्या वेळी घरच्या मंडळींना विनाकारण धास्ती वाटणार नाही.